कुंकू नसलेली सीडी

दसरा जवळ आला की कुंभिवलीच्या ट्रक तोलायच्या वजनकाट्याची ती केस मला हमखास आठवते. नाव कुणाचंच लिहीत नाही. सगळी माणसं अजून त्याच रस्त्याला भेटतात.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा अधिकारी. काट्याचा मालक फिर्याद घेऊन ठाण्यात आला. म्हणाला, काट्यावरच्या बाईने मुद्दाम कॉम्प्युटर बंद पाडला. काट्याचा प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टीमवर चालायचा. ती नव्याने टाकायला त्याने खोपोलीचा एक तरुण मेकॅनिक बोलावला होता. पण सीडी लावली की अर्ध्यातच पाटी यायची : फाइल सापडत नाही. सीडी एकच, ती कपाटात, आणि किल्ली बाईकडे. त्यात तिच्या जागी मालक पुतण्याला बसवणार होता.

"जळली ती, साहेब. दुसरं काय?"

बाईचा नवरा साजगावच्या कारखान्यातली नोकरी सुटून घरी बसलेला. घर तिच्यावर चालत होतं. गुन्हा दाखल झाला असता तर ही नोकरी गेलीच असती, वर हायवेला तिला दुसरीकडे कुणी उभंही केलं नसतं. ठाणे अंमलदाराला म्हटलं, डायरीला नोंद घे, बाकी मी बघून आल्यावर.

काट्यापुढे गाड्यांची रांग लागली होती. तरुण मेकॅनिक म्हणाला, "सीडी घासली असती ना साहेब, तर दर वेळी वेगळ्या जागी अडकली असती. ही कुठल्याही ड्राइव्हला लावा, त्याच एका फायलीवर थांबते. ती फाइल हिच्यात टाकलेलीच नाय."

मला निम्मंच कळलं. पण सीडी खराब झालेली नाही, कुणीतरी ती अपुरी बनवली आहे, एवढं ध्यानात आलं.

बाई भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, "डबी उघडून सीडी शेवटची कधी पाहिली होती?"

"दसऱ्याला, साहेब. काट्याची पूजा मीच करते. कॉम्प्युटरला, डबीला, आतल्या सीडीला पन कुंकू लावते. मालकांचा नेम हाय."

मी डबी मागवली. झाकणावर कुंकवाचं वाळलेलं बोट होतं. आतली सीडी मात्र कोरी करकरीत. म्हणजे पुजलेली सीडी ही नव्हेच, कुणीतरी बदलली होती. मालक माझ्याकडे बघायचं टाळू लागला.

"दसऱ्यानंतर डबी कुणाला दिली होतीत?"

"जुने मेकॅनिक पंखा साफ करायला आलते. सीडी चालते का बघतो, बोलले. मीच डबी काढून दिली."

जुन्या मेकॅनिकचं दुकान कर्जतला. काट्याचा कॉम्प्युटर त्यानेच बसवलेला, सीडीही त्यानेच बनवलेली. दोन पंच घेऊन गेलो. चौकशीत माझी एक पद्धत होती. गुन्ह्याचं विचारायचं नाही. समोरच्याला ज्याचा राग असेल, त्याचं कौतुक करायचं. म्हटलं, "तो खोपोलीचा पोरगा हुशार आहे हो."

"हुशार?" तो उसळलाच. "काल आला नि मालक त्याला खुर्ची देतो, कोल्ड्रिंक मागवतो, सिस्टीमचं कामपन त्यालाच द्यायचं ठरवतो! मला आजवर उभ्यानंच चा पाजलाय, साहेब. फायली मी जमवल्या, नि माज्या सीडीवर तो शेठ होनार? म्हटलं, अडू दे. येतील माज्याच पायरीला."

"आणि त्या बाईची नोकरी?"

तो खाली बसला. "तिच्यावर येल असं मनात पन नव्हतं."

खरी सीडी त्याने स्वतःच काढून दिली. दुकानातल्या देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे होती, कुंकवासकट. मोडून फेकली असती तर माझ्या हाती काहीच लागलं नसतं. का नाही फेकलीस, विचारलं.

"पूजलेली वस्तू, साहेब. टाकायची कशी?"

पंचनामा केला. त्या सीडीवरून सिस्टीम पहिल्याच खेपेला चढली. बाईने किल्ली मालकापुढे ठेवली. "पुतन्याला द्या. जळले म्हनलात ना मला?" मालकाने ती तिच्याच हातात परत दिली, आणि पुतण्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

चोराला माल हवा असतो, त्यामुळे तो माल विकताना सापडतो. जळणाऱ्याला माल नकोच असतो, फक्त तो दुसऱ्याला मिळायला नको असतो. असा माणूस नोंदीतल्या गुन्हेगारांत शोधून सापडत नाही. तो रोजच्या ओळखीचा, कामात वाकबगार आणि बहुधा देवभोळा असतो.

निवृत्तीनंतर पहिल्या दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजेचं बोलावणं आलं. माझ्या खुर्चीवर नवा अधिकारी बसला होता. मला बाजूचं स्टूल दिलं. तरणाताठा, हसतमुख माणूस. हवालदार त्याच्याभोवती कसे आनंदाने वावरत होते! खोटं कशाला बोलू, मी जळलो. टेबलावर माझ्या वेळचा शिक्का होता, त्यालाही कुंकू लावलेलं. प्रसाद घेतला, बाहेर आलो, आणि फाटकापाशी थांबून आधी दोन्ही खिसे चाचपून पाहिले, शिक्का टेबलावरच राहिलाय ना.