तिसऱ्या पत्रासाठी भिलाईला

नागपूर सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत दोन किलो काळा दगड होता, आणि मला त्याचं ओझं नव्हतं, अभिमान होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी मीच पहिल्यांदा चढलो, आणि चढत चढत डॉक्टर झालो. दगडांचा.

परदेशातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. झालेल्यांसाठी दोन वर्षांची संशोधकाची जागा निघाली होती. काम असं, की दगड भट्टीत वितळवायचा, हवा तसा थंड करायचा, आणि ज्वालामुखीच्या पोटात काय घडत असेल ते त्यावरून ताडायचं. अर्जासोबत तीन शिफारसपत्रं हवी होती. दोन प्राध्यापकांनी दिली. तिसरं अशा माणसाचं हवं होतं, ज्यानं मला भट्टीवर स्वतःच्या हातानं काम करताना पाहिलंय. असा माणूस जगात नव्हता. ज्वालामुखीच्या दगडावर मी अख्खा प्रबंध लिहिला, पण वितळलेला दगड कधी पाहिला नव्हता. तेवढी तापणारी भट्टीच आमच्याकडे नव्हती. भिलाईत भट्टीच्या विटा बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ती होती. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी माझ्या पत्राला उत्तर दिलं, 'या.'

गोंदिया मागे पडलं, दरेकशाच्या जंगलातला बोगदा गेला आणि डोंगरगडला टेकड्यांवर ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसू लागले. आपला काळा दगड मागेच संपला, हे मी गाडीत शेजारी बसलेल्या बाईंना उत्साहानं दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी तं दरसाल येते. मले दगडच दिसते."

भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनवर उतरलो. धुराड्यांच्या रांगेखाली एका ठेल्यावर चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टमाटरची झणझणीत चटणी खाल्ली, आणि ऑटोनं कारखाना गाठला.

चाचणीची भट्टी मेश्राम भाऊ सांभाळत. मूळचे चंद्रपूरकडचे, मॅट्रिक, वीस वर्षं याच भट्टीपुढे. मी पिशवी उघडली.

"एवढा कावून आणला? मुशीत मूठभर जाते."

मी सगळ्यात देखणा तुकडा निवडला. काळ्या दगडात झिओलाइटचे पांढरे स्फटिक. कुटून पूड केली आणि मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, भरली.

"सुकवला का?"

"दगड आहे भाऊ, धोतर नाही."

"आमच्या इथं काहीबी पहिले मंद आचेवर भाजते. मंग मोठ्या भट्टीत."

"माझी संध्याकाळची गाडी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही डॉक्टर. टाका."

लाल तापलेल्या भट्टीत मी मूस सरळ ठेवली. पूड तडतडली, उतू जाणाऱ्या दुधासारखी फुगली आणि मुशीबाहेर सांडून भट्टीच्या तळाला चिकटली. मेश्राम भाऊंनी वीज बंद केली.

"त्या पांढऱ्यात पानी असते का?"

"असतं. माझ्या प्रबंधात त्याचं कोष्टक आहे."

"मंग?"



भट्टी निवायलाच रात्र लागणार होती. मेश्राम भाऊ मला जुनवानीला आपल्या घरी घेऊन गेले. जेवताना मुलीला म्हणाले, "साहेबाले वरण वाढ. उद्या छन्नी चालवाची आहे." ती हसून हिंदीत म्हणाली, "अंकल, पापा मुझसे भी ऐसे ही साफ करवाते हैं."

दुसरा दिवस सगळा छन्नी-हातोडीत गेला. तिसऱ्या दिवशी साधा, स्फटिक नसलेला तुकडा घेतला. आधी मंद आचेवर भाजला, मग मोठ्या आचेवर ठेवला. भट्टीच्या भोकातून निळ्या काचेआड मी पाहत होतो. पूड आधी बसली, मग कडेनं ओली दिसू लागली, आणि मग दगड नावाची वस्तूच उरली नाही. मुशीत काहीतरी संथ, जड, उजळ हलत होतं. इतकी वर्षं ज्यावर लिहिलं, त्याची मला त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली. चिमट्यानं मूस उचलून बादलीतल्या पाण्यात ओतली. चर्र झालं. तळाशी काळी चकचकीत काच.

"जमलं," मेश्राम भाऊ म्हणाले. "आता वहीत नोंद करतो."

निघताना मॅनेजरसाहेबांनी छापील कागदावर टाइप केलेलं पत्र दिलं. त्यात मी 'अत्यंत कुशल व अनुभवी' होतो. साहेब तीन दिवसांत भट्टीकडे फिरकले नव्हते. मी मागितल्यावर मेश्राम भाऊंनीही एक पत्र दिलं; रेघांच्या कागदावर, चाचणीची नोंद करावी तशा तुटक इंग्रजीत लिहिलं होतं: पहिल्या दिवशी सांगितलेलं ऐकलं नाही, भट्टी खराब केली. दुसऱ्या दिवशी स्वतः साफ केली. तिसऱ्या दिवशी दगड बरोबर वितळवला. पुन्हा भट्टीजवळ उभं करायला हरकत नाही.

"गलत लिहिलं का?" त्यांनी विचारलं. "दुसरं लिहून देऊ?"

"नाही," मी म्हणालो. पण खरं सांगतो, परतीच्या गाडीत ते पत्र मी दोनदा फाडायला काढलं. एवढं शिकून शेवटी 'ऐकलं नाही' असं परदेशी कळवायचं? आणि खिशात साहेबांचं गुळगुळीत पत्र तयार होतं.

घरी आईला साहेबांचं पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. म्हणाली, "हेच धाड बाबू."

"हे तुझ्यासाठी आहे," मी म्हणालो, आणि रेघांचा कागद पाकिटात घातला. जागा मिळेल न मिळेल. ज्यांना मला निवडायचंय, त्यांनी कोणाला निवडतोय ते माहीत करून घेऊन निवडावं.