जिवाला धोका: बिबट्या

आमच्या ऑफिसात कुठलीच वस्तू टिकत नाही. जाळी फाटतात, टॉर्च हरवतात, जीपची बॅटरी तर आजारी माणसासारखी सदैव चार्जिंगलाच! किस्से मात्र एकही हरवत नाही. चहाला चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "जोशी, ते सावंतांच्या लायसन्सचं सांग ना यार!" मी म्हणतो, अरे किती वेळा? आणि मग सांगतो.

नवीन माणसासाठी थोडं आधीचं. आमचं पथक मुलुंडला, जंगलाच्या कडेला. बिबट्या वस्तीत शिरला की आम्हाला फोन येतो. औषधाची सुई मारायची बंदूक डॉक्टरांच्या हातात. बाकीच्यांकडे काठी, जाळं आणि प्लायवूडचा तुकडा. मी गाडी चालवतो आणि कागदपत्रं सांभाळतो. पिंजरा लावतात ते सावंत, गेली सव्वीस वर्षं. मूळचे मालवणकडचे, आता भांडुपला.

*

दोन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये बिबट्या अडकला होता. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बाहेरच्या गर्दीत कोणीतरी शिट्टी मारली. बिबट्या बिथरला आणि बाहेर पडताना सावंतांच्या खांद्यावरून गेला. अकरा टाके!

सावंतांनी घरी सांगितलं, "वर्कशॉपचा गेट लागला."

काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शर्ट खाली करून टाके नीट पाहिले. मग विचारलं, "गेटाक नखां कधीपासून फुटली?"

त्या दिवशी काकींनी निकाल दिला. "पिस्तूल घेवा, नायतर राजीनामा देवा. रिकाम्या हातानं मी तुमका आता धाडूचंय नाय."

सावंत दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन कोपऱ्यात बसले. म्हणाले, "जोशी, माका दुसरा काय येता रे? घरात बसान मांजरा पकडू?" मला खरंच वाईट वाटलं. आणि माझी वाट लागली ते वेगळंच. सावंत पुढे असले की मला जीपमधून उतरायची भीती वाटत नाही. ते नसतील तर मी उतरणारच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी त्याच दिवशी लायसन्सचा फॉर्म आणला.

*

लायसन्सच्या ऑफिसात बिल्डर, सराफ आणि पुढाऱ्यांचे भाचे अशी रांग होती. त्यात सावंत, खाकी पँट आणि रबरी बूट घालून.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: जिवाला धोका कोणाकडून? सावंतांनी लिहिलं, बिबट्या.

टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "हे टोपणनाव झालं. पूर्ण नाव?"

"एवढाच असा."

"राहणार?"

"बोरिवली ते भांडुप. फिरतीवर असतो."

"त्याच्याविरुद्ध आधी पोलिसात तक्रार केली होती का?"

"तक्रार त्याने करायला हवी साहेब. मी त्याला पाच वेळा कोंडलाय."

साहेबांनी आता मान वर केली. सावंतांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि अर्ज ताबडतोब पुढे पाठवला. त्यांचा नक्की काय समज झाला, ते आम्ही विचारलं नाही.

*

मग चौकशीला हवालदार घरी आले. अर्जदार तापट आहे का, दारू पितो का, शेजाऱ्यांशी भांडतो का, हे विचारायचं असतं. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच भेटले.

"सावंत? अहो, माझ्याकडे पाल निघाली होती. त्यांनी ती डब्यात घेतली आणि खाली बागेत नेऊन सोडली. वर मला म्हणाले, ट्यूबलाइट बंद ठेवा, तिला त्रास होतो!"

हवालदारांनी लिहून घेतलं, 'अर्जदार शांत स्वभावाचा.' मग विचारलं, "घरात दुसरं कोणी तापट?"

मजल्यावर सहा बिऱ्हाडं. पाच दारांतली माणसं नुसती सहाव्या दाराकडे बघत राहिली.

आतून काकींचा आवाज आला, "हवालदारांनू, चाय टाकलंय. घेतल्याशिवाय जातास कसे तां बघतंय!"

त्यांनी चहा घेतला. रिपोर्ट चांगला आला.

*

लायसन्सला नेमबाजीचं सर्टिफिकेट लागतं. रेंजवर समोर माणसाच्या आकाराचा कागद लावलेला. सावंत रिव्हॉल्व्हर धरून उभे राहिले ते उभेच.

ट्रेनर म्हणाला, "काका, फायर करा ना!"

"कित्याक? तो गपचूप उभो असा."

शेवटी समजूत काढली, तेव्हा डोळे मिटून दहा गोळ्या झाडल्या. कागद आणला तर कोरा करकरीत! तेवढ्यात शेजारच्या लेनमध्ये टाळ्या. तिथे घाटकोपरचे एक सराफ होते. दहा गोळ्यांत त्यांच्या कागदावर सोळा भोकं होती.

सराफांनी सर्वांना पेढे वाटले. सावंतांनीही एक घेतला आणि पुढच्या आठवड्यात परत परीक्षेला बसले. तेव्हा पास झाले.

*

शेवटी मोठ्या साहेबांसमोर मुलाखत. मी फाइल घेऊन मागे उभा.

"बिबट्या अचानक समोर आला तर काय कराल?"

"उभा राहीन."

"मग?"

"हळूहळू मागे सरकेन."

"आणि मग?"

"मग तो जाईल साहेब. त्यालाही कामं असतात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "यात रिव्हॉल्व्हर कुठे आलं?"

"ता कमरेक असतला."

"अहो, मग ते हवंय कशाला?"

सावंतांनी शर्टाचं वरचं बटण काढून खांदा दाखवला आणि म्हणाले, "ह्या बायकोन बघितल्यान."

साहेबांनी पेन परत उचललं. मग एकही प्रश्न न विचारता सही केली. मी फाइल बंद करेपर्यंत त्यांनी फोन लावला होता. "हो, निघतोच आहे, जेवायला घरीच येतोय," असं कोणाला तरी सांगत होते.

*

लायसन्स आलं त्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठांचं पत्रही आलं. बिबट्या हा संरक्षित प्राणी असल्याने खासगी शस्त्राचा त्याच्यावर वापर केल्यास कडक कारवाई होईल. लायसन्सबरोबर जी सूचना मिळाली, तिच्यात लिहिलं होतं की माणसावर वापर केल्यास कडक कारवाई होईल.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "सावंत, मग हे रिव्हॉल्व्हर चालवायचं कोणावर?"

"कोणावर नको रे. घरात शांतता असा ना? झकास!"

पण शांतता जेमतेम आठवडा टिकली. सावंतांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, पेटीत घालून कपाटात ठेवलं आणि कामावर न्यायला ऑफिसची परवानगी मागितली. परवानगी येण्याआधी निवडणूक लागली. लायसन्सची सगळी हत्यारं पोलीस स्टेशनात जमा करा, असा फोन आला.

काकी भडकल्या. "निवडणूक माणसांची! बिबटो काय मत देऊक जातलो?"

मग म्हणाल्या, ठीक असा. निवडणूक होईपर्यंत ह्यांनी रजा घ्यायची, आणि हत्यार परत मिळालं नाही तर राजीनामा. सावंतांनी रजेचा अर्ज माझ्याकडे दिला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. वर पाठवायचा धीर होईना.

*

हत्यार जमा करायला दोघं सकाळी अकराला निघाली. कापडी पिशवी काकींच्या हातात. पिशवीत पेटी, लायसन्स, झेरॉक्स आणि चार फोटो. तेवढ्यात आम्हाला कॉल आला. भांडुपलाच, पोलीस स्टेशनपासून दोन गल्ल्या सोडून, एका बिल्डिंगच्या सोसायटी ऑफिसात बिबट्या शिरला होता. वाटेत ही दोघं दिसली. मी ब्रेक मारला. सावंत जीपमध्ये चढले आणि काही बोलायच्या आत काकीही चढल्या!

सोसायटी ऑफिसच्या दाराची खालची फळी तुटलेली. डॉक्टरांनी खिडकीतून सुई मारली. औषध चढायला दहा मिनिटं लागतात. तोवर त्या तुटक्या दाराला प्लाय लावून कोणीतरी बसायचं असतं. सावंत प्लाय उचलून निघाले.

काकी पिशवी घेऊन मागे धावल्या. "अहो! ह्या घेवा! ह्याच्यासाठीच घेतला ना?"

सावंत वळले. ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल गो. घाबरता तो."

आणि जाऊन दाराशी बसले. आतून पहिला धक्का बसला. प्लाय हलला, त्याबरोबर सावंतही हलले. काकींचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मला परत बघायचा नाही.

मागे दोनशे माणसं जमली होती. मोबाइल वर, "ए दिसला, दिसला!" अशा आरोळ्या. आतून दुसरा धक्का. काकी गर्दीकडे वळल्या. पिशवी छातीशी धरलेली.

"आवाज बंद," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, हळूच म्हणाल्या. "माझो घोव थंय असा."

नवरा दाराशी बसलाय हे ऐकून पुढची रांग गप्प झाली, मग मागची. एकाने खिशात वाजणारा फोन दोन्ही हातांनी दाबून धरला. दहा मिनिटं दोनशे माणसांतून खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं. तिसरा धक्का आलाच नाही. बिबट्या झोपला, पिंजऱ्यात गेला, कोणाला ओरखडासुद्धा नाही.

सावंत कपडे झटकत आले. मी दोघांना पोलीस स्टेशनला सोडलं आणि सोबत आत गेलो. हवालदारांनी पेटी उघडली, नंबर जुळवला, पावती फाडून दिली.

"निवडणूक झाली की ही पावती दाखवा आणि घेऊन जा."

काकींनी पावती वाचली. परत वाचली.

"नाय नेला तर चालात?"

"म्हणजे?"

"ह्यांका कामाक जाताना उगाच ओझा."