क्लाइव्हला न दिसलेले चार तारे

स्वतःला न दिसलेली गोष्ट ‘सापडली हो’ म्हणून तुम्ही कधी ठोकून दिली आहे का? लगेच नाही म्हणू नका. क्लाइव्ह हॅनाफर्डसारख्या सरळ माणसानंही दिली.

उत्तर गोलार्धातल्या लोकांचं बरं असतं, ध्रुवतारा आयता वाढून ठेवलेला. आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात ध्रुवापाशी चार फिकट ताऱ्यांचा वाकडा चौकोन, बस्स. दुर्बिणीच्या बैठकीचा आस त्याच्यावरून जुळवला, तरच ती आकाशाबरोबर नीट फिरते. बैठकीतल्या छोट्या नळीतून, गुडघे टेकून, मान मोडेपर्यंत बघायचं. क्लाइव्हला चौकोन चटकन सापडायचा. आमची तारे बघणारी मंडळी रात्री माळावर जमली, की सगळ्यांची एकच हाक, “क्लाइव्ह, माझा ध्रुव लावून दे रे!” धान्याच्या कोठारात वजनकाट्यापाशी जन्म काढलेल्या माणसाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळणार?

गेल्या हिवाळ्यात ग्लेनिस ट्रेझाइझचे फोटो बिघडायला लागले. तारे ठिपक्यांऐवजी जवाच्या दाण्यांसारखे लांबट. दुर्बीण, बैठक सगळं तिच्या गेलेल्या नवऱ्यानं, मर्व्हिननं, घरी बनवलेलं.

“फुटबॉलच्या मैदानाचे दिवे,” क्लाइव्ह म्हणाला. “चौकोन धड दिसू देत नाहीत.”

माझ्याकडे दुर्बीण नाही, पण गावातल्या दिव्यांशी माझं जुनं भांडण. फुटबॉल क्लबच्या अध्यक्षाला भर बारमध्ये फैलावर घेतलं. बिचाऱ्यांनी आमच्या तारे बघायच्या रात्री दिवे बंद ठेवले. फोटो तसेच.

तेव्हा माळावर सगळ्यांसमोर ग्लेनिस म्हणाली, “शेवटी शेवटी मर्व्हिनचा हात थरथरायचा. बैठक वाकडीच झालीय. उद्या भंगारात देते.”

क्लाइव्हच्या हातातली पेस्टी, आमच्याकडची खिम्याची करंजी, तशीच राहिली.

“मर्व्हिनचं काही चुकलं नाही, ग्लेनिस.”

“मग कुणाचं?”

“माझं. मोतीबिंदू झालाय. ते चार दिसतच नाहीत मला. जे कुठले चार दिसतील, त्यांच्यावर लावत होतो.”

“आणि मी फुटबॉलवाल्यांच्या अंगावर गेले ते?” मी ओरडले.

“तू थांबलीस कुठे? माझं बोलणं संपायच्या आत गाडी सुरू केलीस.”

“मेल्या,” ग्लेनिस म्हणाली, “इतके दिवस मी मेलेल्या माणसाला नावं ठेवली!”

त्याला मान वर करता येईना. “दिसत नाही म्हटलं असतं, तर मला हाक कुणी मारली असती?”

यावर बाकीचे दुर्बिणीवाले बुटांकडे बघायला लागले. मग एकेकाच्या तोंडून निघालं. त्यांना ठाऊक होतं! क्लाइव्हची पाठ वळली, की कॉम्प्युटर लावून त्याचं काम गुपचूप सुधारून घ्यायचे. त्याचं मन मोडू नये म्हणे! ग्लेनिसकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि तिला कुणी सांगितलंही नाही.

ग्लेनिस स्वतः गुडघे टेकून नळीला डोळा लावून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “उभा काय राहिलायस? कुठे बघू ते तरी सांग.”

तो शेजारी बसला आणि सांगू लागला.

तुमच्यातही असा कुणी असेल. कृपा करून त्याच्यामागे त्याचं काम सुधारत बसू नका. आजच त्याच्यासमोर जा आणि विचारा, “दिसतंय का रे तुला?”