डी ड्राइव्हमधली यादी

साळवे मामांना कोणतीही खात्री नुसती तोंडी दिलेली चालत नसे. ‘मामा, टाकी भरली, मोटार बंद केली,’ असं मी कुंपणावरून सांगितलं, की ते सदऱ्याच्या खिशातून छोटी वही काढत आणि विचारत, “नंबर?” मी नववीत असताना त्यांनी मला दोन आकडी संख्यांचा एक कागद हाताने लिहून दिला होता. त्यातली पुढची संख्या सांगायची आणि खोडून टाकायची. ते ती वेळेसकट आपल्या वहीत उतरवून घेत. गॅसची टाकी आणणाऱ्यालाही त्यांनी असा कागद दिला होता. त्याने तो हरवला, आणि पुढच्या खेपेला टाकी अर्धा तास फाटकाबाहेर उभी राहिली.

ही सवय त्यांनी रेल्वेतून आणली होती. दौंडच्या स्टेशनात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले ते स्टेशन मास्तर म्हणून. गाडी पुढे सोडण्याआधी पलीकडचा माणूस फोनवर जो नंबर देतो, त्याला तिथे ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. “नंबर म्हंजी काय? ‘मी सोता जाऊन पाहिलं, आन् चुकलं तर मी जबाबदार,’ असं म्हणणं. न बघता नंबर देणारा माणूस दारू पिऊन ड्यूटीवर येणाऱ्यापेक्षा वाईट. दारुड्याचा वास तरी येतो.” असं ते सांगत, आणि सांगताना ऐकणाऱ्याकडे असे पाहत, की त्याला आपलाच काहीतरी वास येत असावा असं वाटावं.

निवृत्तीनंतर ते शिरूरला आमच्या शेजारी राहायला आले. आम्ही मूळचे मांडवगण फराट्याचे. वडील रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीवर जात, म्हणून शिरूरला घर केलेलं. मामांची पत्नी इथल्या जुन्या मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. ती गेल्यावर तिच्या दफनाच्या वेळी मामांच्या लक्षात आलं, की ख्रिस्ती दफनभूमीतल्या निम्म्याहून अधिक कबरींवर दगडच नाही आणि मंडळीचं, म्हणजे चर्चचं, जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं आहे. कोण कुठे आहे, हे फक्त काही म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात उरलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी यादी करायला घेतली: नाव, साल, कडुनिंबापासून कितवी ओळ, ओळीत कितवी जागा.

पद्धत त्यांची स्वतःची होती. सांगणाऱ्याकडे जायचं, तो सांगेल ते चिठ्ठीवर लिहायचं. मग सोबत नेलेल्या दुसऱ्या माणसाने ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवायची आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं. घरी येऊन नोंद संगणकात भरायची आणि चिठ्ठी फाडून टाकायची. चिठ्ठी का फाडता, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “एका गोष्टीची दोन रजिस्टरं झाली, की दोन्ही खोटी पडत्यात.” विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला हे मुळीच पटलं नव्हतं. वर्षातून एकदा, ईस्टरला, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारी, ते यादी छापून चर्चच्या फळ्यावर लावत. तेवढीच काय ती दुसरी प्रत.

संगणकावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी असे. काम झालं की ते बटण बंद करत, प्लग काढत आणि वायर गुंडाळून कपाटात ठेवत. एके दिवशी पडद्यावर संदेश आला, की ही जुनी प्रणाली यापुढे अद्ययावत होणार नाही. त्यांनी तो संदेश तारीखवार वहीत उतरवला आणि मला बोलावून घेतलं. हे कुणी सांगितलं, कशावरून, आणि आपल्याकडे जुनं यंत्र आहे हे त्याला कळलं कसं, असे तीन प्रश्न त्यांनी ओळीने विचारले.

मी जुन्या प्रणालीऐवजी लिनक्स सुचवलं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर ते होतं, जुन्या यंत्रावर ते बरं चालतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. शेवटचं विधान ही माझी चूक ठरली.

“फुकट? मग कमावतंय कोण?”

मी समजावून सांगितलं, की जगभरातले लोक मिळून ते लिहितात आणि त्याचा सगळा कोड उघडा असतो. आत काही लबाडी असती तर कुणाच्याही लक्षात आली असती.

“तू वाचलास?”

“सगळा नाही, मामा. लाखो ओळी असतात.”

“थोडा?”

“नाही.”

“मंग कुणी वाचला?”

“अनेकांनी वाचला असेल.”

“असेल,” मामा म्हणाले, आणि हा शब्दही त्यांनी वहीत लिहिला असावा असा मला आजही संशय आहे.

तरीही ते तयार झाले, कारण ही प्रणाली पेनड्राइव्हवरून, यंत्रातल्या डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. त्यांनी तिला सात दिवस उमेदवारीवर ठेवलं. रोज सकाळी दहा ते बारा ते समोर बसत आणि निरीक्षणं लिहीत. त्यातलं एकच निरीक्षण अनुकूल होतं. कोणताही बदल करायचा झाला, की ती परवलीचा शब्द मागत असे. “इचारतं तरी,” असं म्हणून त्यांनी परवानगी दिली.

नोव्हेंबरमधला शनिवार होता. संध्याकाळी मला एका संशोधन शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि त्यातला शेवटचा परिच्छेद मनासारखा उतरत नव्हता. मामांचं यंत्र तासाभरात उरकू, असा माझा हिशेब होता. त्यांच्या डेस्कटॉपवर आणि कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये जे होतं, ते मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. ‘कबर यादी’ हे नाव त्यात दिसलं.

मामा मागे उभे होते. त्यांचं यंत्र ज्याने जुळवून दिलं होतं, त्याने त्यांना एकच सल्ला दिला होता, जो आपल्याकडे प्रत्येक जुळवणारा देतो: सी ड्राइव्ह कधीही उडतो, मोलाचं ते डीमध्ये ठेवा. मामांनी तो पाळला होता.

“डीचं घेतलंस?”

“घेतलं.”

“डोळ्यानं पाहिलंस?”

“हो, मामा.”

“नंबर?”

मी नंबर दिला. त्यांनी तो लिहिला.

मी पाहिलं होतं ते फक्त नाव. डेस्कटॉपवरची ती ‘कबर यादी’ म्हणजे डीमधल्या खऱ्या फाइलकडे जाणारा नुसता शॉर्टकट होता, आणि तो उघडून पाहायला मला चार सेकंद लागले असते. पुढच्या पडद्यावर नव्या प्रणालीने विचारलं, की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? मी हो म्हटलं. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग; सीबरोबर डीही गेला.

हे लक्षात आलं रविवारी दुपारी. मी दोन दिवस पुसलेल्या फाइली परत मिळवण्याचे सगळे मार्ग वापरून पाहिले. काही अर्धवट फोटो मिळाले. यादी मिळाली नाही. ईस्टरला छापलेली प्रत चर्चच्या फळ्यावर होती, म्हणून पाच वर्षांचं काम वाचलं. त्यानंतर भरलेल्या एकेचाळीस नोंदी गेल्या.

मामा रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी वही उघडून त्या नंबरावर बोट ठेवलं. माझे वडील धावत आले आणि म्हणाले, की कारेगावच्या एका माणसाला बोलावून जुनी प्रणाली परत टाकून देतो, हे नवं खूळ नको. मामांनी नकार दिला.

“यंत्रानं इचारलं हुतं, पाटील. ‘सगळं पुसू का,’ असं लिहून इचारलं. त्याचा काय दोष न्हाई.” मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “नंबर घेणाऱ्यानं पन बघायचं असतं. मी तुझ्या अर्जाच्या घाईकडं बघत बसलो.”

त्यांनी मला क्षमा केली, असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला कामाला लावलं. त्या हिवाळ्यात दर रविवारी आम्ही एसटीने दौंडला जात होतो. तिथल्या रेल्वेतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांचे आजोबा-पणजोबा शिरूरच्या दफनभूमीत आहेत. मामा विचारत, लिहीत. मी वाचून दाखवी. आता मात्र प्रत्येक चिठ्ठी संगणकात भरल्यावर जपून ठेवली जाई. वाटेत ते मला कारण नसताना प्रश्न विचारत: मागच्या स्टॉपवर किती माणसं उतरली, कंडक्टरने कोणत्या हाताने तिकीट फाडलं. मी चुकले तर हसत नसत, फक्त मान हलवत. माझी परीक्षा चालली आहे, हे मला कळत होतं; ती कधी संपणार, ते कळत नव्हतं. मार्चपर्यंत चाळीस नोंदी परत जमल्या.

एकेचाळिसावी एस्तेरबाईंनी सांगितलेली होती. दौंडच्या या नव्वदी ओलांडलेल्या सुईणीने मागच्या मे महिन्यात आम्हाला एका तान्ह्या मुलीची जागा सांगितली होती. चार दिवस जगलेली ती मुलगी म्हणजे दौंडच्याच दानिएल आप्पांची धाकटी बहीण. आप्पांनी ऐंशी ओलांडली होती. डोळे मिटायच्या आत बहिणीच्या जागेवर तिच्या नावाचा दगड बसवायचा, एवढी एकच इच्छा ते मामांकडे धरून होते. ईस्टरला बसवायचा म्हणून दगड कोरूनही ठेवला होता. एस्तेरबाई श्रावणात वारल्या. त्यांचं सांगणं ऐकलेली माणसं उरली दोन: मामा आणि मी. त्या दिवशी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवणारी मीच होते. दौंडहून मला बंगळूरची गाडी पकडायची होती, दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, आणि चिठ्ठी वाचताना मी मनात उत्तरं जुळवत होते.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मामांनी मला समोर बसवलं. पडद्यावर यादीची शेवटची ओळ उघडी होती.

“मला जागा आठवतीय. पन मी सांगनार न्हाई. आधी तू सांग.”

मी डोळे मिटले. मला एस्तेरबाईंचा हात दिसला, पितळेचा तांब्या दिसला, ‘तिसरी जागा’ हे शब्द ऐकू आले. त्याच्या आधी चौथी ओळ होती, की पाचवी? चौथी, असं मन म्हणत होतं. पण चौथीच का, याचं कारण मला देता येत नव्हतं. ‘चौथी’ म्हणून टाकलं असतं, तर जुळण्याची शक्यता निम्मी होती, आणि जुळलं असतं तर आप्पांचा दगड लागला असता. तेवढं गणित मला चटकन करता आलं, याची मला लाज वाटली.

“तिसरी जागा नक्की,” मी म्हटलं. “ओळ चौथी की पाचवी, ते मला माहीत नाही.”

मामांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “मोकळी सोड यादीतली ती ओळ.”

“पण तुम्हाला आठवतंय ना?”

“एकट्या म्हाताऱ्याला काय बी आठवतं. उद्या मला वाटंल तेच खरं व्हायला लागंल.” त्यांना कोणती ओळ आठवत होती, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्यांना खरोखर काही आठवत होतं का, याचाही मला अधूनमधून संशय येतो.

ईस्टरच्या पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जमली. उपासना संपल्यावर दानिएल आप्पा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून मामांकडे आले. दगड गाडीत आहे, म्हणाले. मामांनी त्यांना यादीतली मोकळी जागा दाखवली आणि नोंद गेल्याचं सांगितलं. कुणाच्या हातून, असं आप्पांनी विचारलं. “आमच्याकडनं,” असं मामा म्हणाले, आणि तिथेच थांबले. ते माझी वाट पाहत होते की मला वाचवत होते, ते मला ठरवता आलं नाही. मी पुढे होऊन सगळं सांगितलं: शॉर्टकट, न उघडता दिलेला होकार, आणि मे महिन्यातलं माझं भलतीकडे असलेलं लक्ष.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग ते मामांकडे वळले, आणि ते मला लागलं. मामांना म्हणाले, की मग दोन ओळींच्या मधोमध दगड लावू. चौथीत असली काय आन् पाचवीत असली काय, बहीण जवळच असंल.

“मधी कुणीच न्हाई, आप्पा,” मामा म्हणाले. “जिथं कुणी न्हाई, तिथं नाव लावू नका.”

नातू चिडून काही बोलणार होता, पण आप्पांनी त्याला थांबवलं. मामांनी चर्चमधली लोखंडी खुर्ची मागवली, दोन ओळींच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली आणि आप्पांना हाताला धरून तिच्यावर बसवलं.

“हितनं दोन्ही दिसत्यात,” ते म्हणाले.

ऊन चढेपर्यंत आप्पा तिथे बसून होते. मामा त्यांच्या शेजारी उभे राहिले. दुसरी खुर्ची आणू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले. जूनमध्ये मामा गेले. यादी आता माझ्याकडे असते. त्यातली ती एक ओळ आजही मोकळी आहे.