मृण्मयीच्या फॉर्मवरची तारीख

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. देवापुढे बोलावं, तर त्याच्याच उत्सवात ते घडलं — कुठल्या तोंडानं बोलणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मला अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत येऊन पंचवीस वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळात कुणाचं काही अडलं — शाळेचं, व्हिसाचं, दाताच्या डॉक्टरचं — की लोक म्हणतात, काकूंना विचारा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

गणपतीत मदत करणाऱ्या मुलांच्या तासांच्या फॉर्मवर सही माझी असते. हायस्कूलच्या ऑनर सोसायटीत राहायचं तर नुसते मार्क पुरत नाहीत, सेवेचे तासही दाखवावे लागतात. कॉलेजच्या अर्जात त्या सोसायटीचं नाव असावं म्हणून आम्ही आया कुठल्या थराला जातो — पण थांबा, 'आम्ही' कशाला? माझंच सांगते.

त्या रविवारी मृण्मयी सकाळी नऊला आली. वैशालीची मुलगी, माझ्या निषादच्याच वर्गातली. मोदक वळले, पंगती वाढल्या, मग भली मोठी पातेली घासली. वाफेनं तिचं मनगट भाजलं, तेव्हा मीच तिचा हात नळाखाली धरला होता. आणि निषाद? तो घरी झोपला होता. हजेरीच्या वहीत येणाऱ्यानं स्वतः नाव लिहायचं असतं, त्यात त्याचं नाव नाही. तरी सोमवारी सगळे फॉर्म एका बैठकीत भरताना मी त्याच्यापुढे दहा तास लिहिले. आईच सही करणार म्हटल्यावर विचारणार कोण? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं असावं. निषादचा फॉर्म मी दोनदा तपासला आणि त्या नादात मृण्मयीच्या फॉर्मवर रविवारऐवजी शनिवारची तारीख घातली.

शनिवारी ती शाळेच्या ऑर्केस्ट्राबरोबर दुसऱ्या गावी होती. सोसायटी सांभाळणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं. मृण्मयीच्या घरी पत्र आलं — खोटे तास दाखवल्याचा संशय आहे. पाच शिक्षकांपुढे हिअरिंग होईल, बाजू मांडा, साक्षीदार आणा. नाहीतर शुक्रवारपर्यंत स्वतःहून राजीनामा द्या. शाळेनं काही अन्याय केला नाही हो. रीतसर संधी दिली होती. साक्षीदार कोण, तर मी. एक वाक्य बोलायचं होतं — तारीख माझ्याकडून चुकली.

पण मग ते वही मागणार. वहीत मृण्मयी सापडणार, आणि निषाद सापडणार नाही.

मी भ्याले. इतकी साधी गोष्ट आहे ही.

वैशालीला येऊन दोनच वर्षं झाली होती. ती पत्र घेऊन रडत माझ्याकडे आली, "ताई, मला इथलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं." मी तिला चहा दिला. म्हटलं, हिअरिंग वगैरेच्या भानगडीत पडू नकोस. रेकॉर्डवर राहतं सगळं. राजीनामा दिला की प्रश्न मिटला. झाकली मूठ सव्वा लाखाची! ही म्हण मी तिला हसत हसत ऐकवली. मूठ कुणाची होती, ते मला चांगलं ठाऊक होतं.

मृण्मयी सोफ्याच्या कडेला बसली होती. एवढंच म्हणाली, "बट काकू, आय वॉज देअर. यू सॉ मी."

मी काय केलं असेल? तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, मला माहितीये गं बाळा, पण इथे असंच असतं. इथे असं नसतं. असं मी केलं.

शुक्रवारी तिनं राजीनाम्यावर सही केली. ग्रॅज्युएशनला निषादच्या गळ्यात सोसायटीचा सोनेरी पट्टा होता. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा वैशालीचा आला. त्या अंगठ्याचा मला अजून राग येतो — तिचा नाही, माझा.

गेल्या गणपतीत मृण्मयी कॉलेजमधून आली होती. पुन्हा पातेल्यांपाशी उभी. मनगटावरचा डाग अजून आहे. सवयीनं मी फॉर्म पुढे केला, तर ओले हात तसेच ठेवून म्हणाली, "नको काकू. आय डोन्ट नीड इट." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि असं वाटण्याचीही चीड आली.

तिला ठाऊक आहे का? मी विचारलेलं नाही. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

जे पाच शिक्षकांपुढे बोलायचं होतं, ते इथे लिहिते. त्या रविवारी मृण्मयी सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत तिथे होती. मी तिला पाहिलं होतं.