कुंभकर्ण

मी नंदुरबारात नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी येते तेव्हा गल्लीत मिरचीचा ठसका असतो आणि घरात लेकीच्या शाळेची घाई. तिचा डबा भरायचा, दोन घास खायचे, पडदा ओढून आडवं व्हायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी माझं नाव ठेवलं, कुंभकर्ण.

"उठनी का कुंभकर्ण?" दुपारी दाराशी येऊन त्या विचारायच्या. पुढे शेजारणीही म्हणू लागल्या. रागवायलाही अंगात त्राण नसायचं.

लेकीला एकदा शाळेतून अभ्यास आला. माणसाच्या नावावरून पडलेला शब्द शोधायचा, त्याची गोष्ट विचारून यायची. तिने अर्थातच हाच शब्द घेतला आणि आजीजवळ बसली. मी आत पडून ऐकत होते. कुंभासारखे कान म्हणून कुंभकर्ण. वर मागताना सरस्वती जिभेवर बसली, इंद्रासन म्हणायचं ते निद्रासन म्हणून गेला.

"मग त्याला उठवलं कुणी?"

"त्याना भाऊनी. लढाईले माणसं सरनात, तवय याद उनी."

"आणि मग?"

"मग काय, गया आन मरना."

मला एवढंच माहीत होतं की तो झोपायचा. लोकांनी शब्दात तेवढीच झोप ठेवली; माणसं संपल्यावर भावाने उठवणं, लढायला जाऊन मरणं, हे बाकीचं टाकून दिलं. कूस बदलली, पण त्या दुपारी काही डोळा लागला नाही.

गेल्या भादव्यात सासूबाईंना डेंग्यू झाला. त्यांना माझ्याच वॉर्डात ठेवलं होतं. सकाळी ड्यूटी संपली तशी मी त्यांच्या खाटेशी स्टुलावर टेकले, आणि बसल्या बसल्या मान त्यांच्या उशाशी कधी कलंडली कळलं नाही. जाग आली ती त्यांच्याच आवाजाने. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "हळू बोल, बहिन. रातभर जागस ती."

सलाइनचा हात त्यांनी तसाच ताठ धरून ठेवला होता. मी किलकिले केलेले डोळे पुन्हा मिटून घेतले.

बऱ्या होऊन घरी आल्यावरही त्या मला कुंभकर्णच म्हणतात. जिभेची सवय. मात्र परवा समोरची शेजारीण ओट्यावरून हसत म्हणाली, "तुन्हा कुंभकर्ण निजेलच शे का आजून?"

"मी म्हनस," सासूबाई म्हणाल्या, "तू नको म्हनू."

मी आत पडल्या पडल्या ऐकलं. मला हसू येत होतं, पण हसायचाही कंटाळा आला. संध्याकाळी पुन्हा ड्यूटी होती.