उंबऱ्याबाहेरची बादली

माझी मैत्रीण सुशीला गेल्याचं तिच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने शाळेत येऊन सांगितलं, तेव्हा मी सातवीला भूगोल शिकवत होते. हृदय बंद पडलं म्हणे. वय अवघं एकेचाळीस. महिना झाला, तरी माझा राग उतरत नाही. धुळ्यातल्या शोकसभेत एकजण म्हणाला, "डॉक्टरीणबाई सदा हसतमुख, थकवा म्हणून त्यांना ठाऊकच नव्हता." त्याच्या हातातला हार हिसकावून घ्यावासा वाटला मला.

अहो, थकवा ठाऊक नव्हता? शिरपूरकडच्या गावांत विहिरीतून काढलेल्या बाया तिच्याच वॉर्डात यायच्या. स्वराज्याला दहा वर्षं झाली, तरी कागदोपत्री प्रत्येकीचा पाय घसरलेलाच. सुशीला त्यांना वाचवायला धडपडायची आणि जमेल तशी विचारपूसही करायची, कारण मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडून याच विषयावर निबंध मागवला होता. एकदा एकीचं बोलणं तिने मला सांगितलं, नाव गाळून. "पाय नही घसरना, माय. माले ढकली दिन्हं. पन कोनले नको सांगजो, मन्या पोरी तठेच शेतस." ती बाई दुसऱ्या दिवशी वारली, पोरी त्याच घरात राहिल्या. सुशीलाने शब्द पाळला. निबंधाच्या वहीत नाव नाही, गाव नाही. मोठ्या डॉक्टरांचं पत्र आलं, 'भावना आवरा, तक्ते पाठवा.' तिने तक्तेही पाठवले. एवढं सगळं ऐकून ती घरी जाऊन काय करते, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

वही लिहून झाली की संध्याकाळी ती माझ्याकडे चहाला यायची. मयतीवरून आल्यासारखी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणायची, "पाणी दे गं." पाय धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. मी दाराशी बादलीच ठेवू लागले आणि थट्टाही करू लागले, "डॉक्टर होऊन एवढं सोवळं?" ती हसायची. हसतमुख, म्हणे!

शेवटची आली तेव्हा घरी पाहुणे होते, बादली मी आत नेली होती. आतूनच ओरडले, "आज तशीच ये गं, कुणी बाटत नाही." बाहेरून "नको, या पायांनी नको," एवढंच ऐकू आलं. दाराशी आले तोवर ती कोपऱ्यापर्यंत पोचली होती. पाहुण्यांदेखत रस्त्यावर कशी ओरडू, म्हणून हाक मारली नाही. चौथ्या दिवशी कंपाउंडर आला.

बादली मी अजून रोज भरून ठेवते. परवा शेजारीण म्हणाली, "आता कोणासाठी?" मी तिच्यावर खेकसले. हल्ली त्या पाण्याने मीच पाय धुते. त्या संध्याकाळी ती कोणाला पोचवून आली होती, एवढं मी विचारलं असतं, तर ती आत आली असती.